मांजरीचा गुरुवार

गेल्या हिवाळ्यात, एका शुक्रवारी सकाळी, कमलनगरच्या आमच्या घरातल्या मांजरीने अंगणात उलटी केली. महिन्यातली ती चौथी. पाठीवरचे केस गळले होते आणि उचलताना बरगड्या हाताला लागत होत्या.

जनावरांच्या दवाखान्यात रांगेत पुढे दोन म्हशी होत्या. नंबर आल्यावर डॉक्टरांनी मांजरीचं पोट दाबून पाहिलं आणि ती काय खाते ते विचारलं. आईने सांगितलं, दूध-भाकरी.

"अक्का, हिला दूध सोसंना झालंय. दूध, दही, भाकरी, सगळं बंद करा. महिनाभर एकच जिन्नस घाला. असंच चाललं तर जगायची न्हाई."

नाजूक पोटाच्या मांजरांचं तयार खाद्य हुमनाबादेत मिळत होतं. दहा दिवसांच्या पिशवीची किंमत आमच्या महिन्याच्या दुधाइतकी होती. पिशवी दुकानातच राहिली.

उरली कोंबडी. तिची कलेजी आणि पोटं सर्वांत स्वस्त. आमच्या घरात मांस शिजत नाही. आईने एक पोचे पडलेलं पातेलं काढून दिलं आणि ते पुन्हा आत आणायचं नाही, असं बजावलं. न्हाणीघराबाहेर पाणी तापवायची चूल होती, तिच्यावर मी कलेजी उकडू लागलो.

"अण्णा, तुमच्या घरी हे कोण खायलंय?" कोंबडीवाल्याने विचारलं.

"मांजर."

"सगळे मांजराचंच नाव सांगतात."

रोजचं खाणं आणि उलट्या मी एका वहीत लिहीत होतो. तीन आठवडे झाले. उलट्या तीन, तिन्ही शुक्रवारी. गुरुवार आईचा उपवासाचा. त्या दिवशी संध्याकाळी देव्हाऱ्यातल्या दत्ताला साखर घातलेल्या दुधाचा नैवेद्य असतो.

"आई, गुरुवारी हिला दूध देतेस का?"

"दूध कामून देईन? डॉक्टर नको म्हणलाय की."

"आणि नैवेद्याचं?"

"तो प्रसाद हाय. घरातल्या सगळ्यांना देते, तिलाबी देते. चमचाभर."

"तो चमचाभरच बाधायलाय."

"गाणगापूरच्या दत्ताचा प्रसाद आजवर कुणाला बाधला न्हाई."

मी वही पुढे केली. आईने चष्मा लावून तिन्ही आठवड्यांच्या नोंदी वाचल्या. मग वही मिटून म्हणाली, "प्रसाद द्यायचा न्हाई, असं मी म्हणायची न्हाई. नको असंल तर मांजरीनंच सांगावं."

पुढच्या गुरुवारी नैवेद्याला खडीसाखर होती. आरतीनंतर आईने एक खडा मांजरीपुढे ठेवला. मांजरीने तो हुंगला आणि ती न्हाणीघराकडे निघून गेली.

"बघ, तिनंच नको म्हणलं," आई म्हणाली आणि खडा स्वतःच्या तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी उलटी झाली नाही. त्यानंतरच्या सात शुक्रवारीही वहीत उलटीची नोंद नाही. आठव्या आठवड्यात पाठीवर केस आले, पहिल्यापेक्षा थोडे गडद.