परक्या गवताची वाट

वैनगंगेकाठच्या मार्कंड्याकडून जंगलात शिरणाऱ्या रस्त्यावरच्या शेवटच्या गावात कुंताबाई राहायची. नवरा तलावात मासे धरायचा आणि ती दर हिवाळ्यात टेकडीवरचं छपराचं गवत कापून विकायची. वीस वर्षं तीच टेकडी. कोणतं गवत कुठं, कधी पिकतं, हे तिला डोळे मिटूनही सांगता यायचं.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला तिला एक अनोळखी गवत दिसलं. तांबूस तुरा, पात्याला धार. गाईंनी हुंगलं आणि तोंड फिरवलं. पुढच्या साली ते पायथ्याशी आलं, त्याच्या पुढच्या साली चार हात वर.

दोन हजार एकमध्ये वडशाच्या कॉलेजात शिकवणारे जुबेर सर गवतांचा अभ्यास करत गावात आले. लोकांनी त्यांना कुंताबाईकडंच पाठवलं. सरांनी अंगणात एक नकाशा पसरला. पाऊस आणि उन्हाचे आकडे कॉम्प्युटरला देऊन तो काढला होता. ऊन वाढत जाईल तसं हे गवत कुठं कुठं पसरेल, ते लाल रंगात होतं. टेकडीचा माथा लाल होता.

"माथ्यावर तं एक काडी नाई," कुंताबाई म्हणाली. "तुमी कधी गेले का वर?"

"नाही गेलो."

तिनं नकाशातल्या टेकडीखालच्या नाल्यावर बोट ठेवलं. "मंग इथी काऊन लाल नाई?"

"तिथं सावली आहे, ओल आहे. म्हणून."

"पण भाऊ, मोहफुलं वेचाले सोपं जावं म्हणून बाया तिथचा पाला जाळतात. जळल्या जाग्यावर हेच गवत पयले उगवते. तीन सालापासून पाहून राह्यली ना मी."

सरांनी नकाशा तिच्याकडं फिरवला. मग त्यांनी खिशातली पेन्सिल तिच्या हातात दिली. जन्मात पहिल्यांदा धरलेल्या त्या पेन्सिलीनं तिनं नाल्याकाठी पाच गोल काढले. त्या जागी आणि माथ्यावर दोघांनी बांबूच्या खुंट्या ठोकल्या.

तीन पावसाळे गेले. दोन हजार चारच्या दिवाळीनंतर दोघं टेकडी चढले. माथ्यावर खुंटी दिसेना. कमरेएवढं तांबूस गवत वाऱ्यावर डोलत होतं. कुंताबाईनं ते हातानं बाजूला सारलं, तर खुंटी बरोबर मधोमध. ज्या कॉम्प्युटरनं ही जागा कधी पाहिली नव्हती, त्याला नुसत्या उन्हावरून हे कळलं होतं. तिनं वाकून खुंटीला हात लावला, देवाच्या पायाला लावावा तसा.

नाल्याकाठी सरांची तीच गत झाली. पाचपैकी चार गोलांत गवत उभं होतं. "बाई, हे मशीनला ठाऊक नव्हतं," ते हळूच म्हणाले.

टेकडी गेलीच होती. नाला मात्र राखायचा, असं तिनं ठरवलं. तिच्या सांगण्यावरून बाया पाला जाळायचं सोडून झाडून काढू लागल्या, तुऱ्यात बी धरायच्या आधी गवत मुळासकट उपटू लागल्या. दोन वर्षांत नाल्याचा काठ मोकळा झाला.

मग तिनं सरांना विचारलं, "आता पुढं कुठी जाईल?"

नकाशात वैनगंगेपलीकडचं एक गाव लाल होतं. डोंग्यात बसून ती तिथं गेली आणि अजून न आलेल्या गवताची गोष्ट सांगू लागली. बाया हसल्या. बायनाबाई नावाच्या एकीनं मात्र तुरा कसा, पातं कसं, सगळं नीट विचारून घेतलं.

दोन हजार सातच्या आश्विनात नावाड्याच्या हाती बायनाबाईचा निरोप आला, 'हेच का ते?' सोबत फडक्यात गुंडाळलेली एक काडी होती. पात्याला धार, तुरा अजून कोवळा, बी न धरलेला. कुंताबाई दारात बसून ती काडी किती तरी वेळ बघत राहिली. मग पदर खोचला आणि नदीकडं निघाली.