माझे पांढरे केस आणि आजेचीराचा मान

सई आणि ओम, मी केस रंगवणं सोडलं म्हणून आपल्या कोमलचं लग्न अर्धा तास थांबलं.

तुमच्या बाबांनी तुम्हाला फोनवर काहीतरी भलतंच सांगितलं असणार ("आजीने मांडवात गोंधळ घातला" असं काहीसं!). म्हणून मी सगळं क्रमाने लिहिते आहे. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. गोष्टीला सुरुवात, मध्य आणि शेवट असल्याशिवाय मला चैन पडत नाही. ओमला वाचायला जड गेलं तर सईने वाचून दाखवावं, आणि जिथे आजोबांचा उल्लेख येईल तिथे हसू आवरावं.

सुरुवात सईपासूनच झाली. मी दर महिन्याला, रविवारी सकाळी, फरशीवर वर्तमानपत्र अंथरून आणि जुना टूथब्रश घेऊन केसांना कलप लावत असे. मागच्या वर्षी एका रविवारी कलप लावला आणि संध्याकाळी माझा चेहरा असा सुजला की व्हिडिओ कॉलवर सईने विचारलं, "आजी, तुझे डोळे कुठे गेले?" दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या माझ्याच विद्यार्थिनी. त्यांनी नीट तपासलं आणि म्हणाल्या, "मॅडम, एक काय ते ठरवा. केस काळे हवेत की डोळे उघडे?"

मी डोळे निवडले. त्या दिवशी डब्यातला उरलेला कलप फेकून देताना मला इतकं हलकं वाटलं, म्हणून सांगू! सई, तो प्रश्न विचारल्याबद्दल तुझे आभार. पुढे जे झालं, त्याला तू जबाबदार नाहीस.

केस पांढरे होणं सोपं असतं. अवघड असतो मधला काळ. वर पांढरे, खाली काळे आणि दोहोंच्या मधे तांब्याच्या रंगाचा एक पट्टा! तुमचे आजोबा चहा पिता पिता माझ्याकडे पाहून म्हणाले, "सुमन, तू आता त्या नगर-मनमाड रस्त्यावरच्या मैलाच्या दगडासारखी दिसतेस." (ज्या माणसाच्या डोक्यावर स्वतःचा एक केस उरलेला नाही, त्याने हे बोलावं!)

आपल्या कोल्हारात बाईचे केस एकाएकी पांढरे झाले तर त्याची दोनच कारणं मानतात. एक तर घरात काहीतरी वाईट घडलं, किंवा बाई आता फार दिवसांची सोबती नाही. भाजीवाली मेथीची जुडी हातात देताना हळूच म्हणाली, "बाई, सर बरं हायेत ना?" सर, म्हणजे तुमचे आजोबा, शेजारीच उभे राहून वांगी निवडत होते! शेजारच्या रखमाबाई तर शहाळं आणि बिस्किटांचा पुडा घेऊन आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "डाक्टर काय म्हनले?"

"कलप लावू नका म्हणाल्या."

"आन त्येच्याबिगर?"

"त्याच्याबिगर काही नाही."

"समजलं," असं म्हणून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. बिस्किटं आम्ही खाल्ली. चांगली होती.

आता मुख्य व्यक्ती. माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे तुमच्या थोरल्या आजी. मी त्यांना आक्का म्हणते. तुम्ही त्यांना लहानपणी पाहिलंय: उंच, ताठ, आणि केस कोळशासारखे काळेभोर. ते केस काळे कसे राहतात, हे त्यांच्या मते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. (त्यांचा टॉवेल गच्चीवर वाळत असायचा. त्यावरचे काळे डाग रस्त्यावरून दिसायचे.) त्यांचं वयही कुणाला ठाऊक नव्हतं. दर वर्षी जत्रेला नातेवाईक जमले की आक्का पासष्टच्याच असत.

आक्कांवर मी हसते आहे असं समजू नका. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला इंग्रजी कविता तोंडपाठ होत्या आणि भाकरी थापता येत नव्हती. सासूबाई स्वयंपाकघरात यायच्या आत आक्का माझ्या वाट्याच्या भाकऱ्या थापून ठेवायच्या आणि वर सांगायच्या, "बगा, सुमननी कशा पातळ केल्यात." मी नोकरीवर जाऊ लागले तेव्हा तुमच्या बाबांना त्यांनीच सांभाळलं. मी आज जी काही आहे, त्यातला निम्मा भाग आक्कांचा आहे. म्हणूनच त्यांनी आजवर मला काही सांगितलं आणि मी नाही म्हटलं, असं घडलं नव्हतं.

मग कोमलचं लग्न ठरलं. कोमल म्हणजे आक्कांच्या विलासची मुलगी, त्यांची एकुलती एक नात. मुलगा तिसगावचा. लग्नाच्या आधी आक्का माझ्याकडे आल्या, पाणीसुद्धा न घेता उभ्याउभ्या म्हणाल्या, "सुमन, लग्नाआधी डोकं काळं करून घे."

"आक्का, मला सोसत नाही हो. सूज येते."

"एक दिस सूज आली तर काय व्हतंय? अगं, तू माजी धाकटी जाऊ. तूच म्हातारी दिसाया लागलीस तर माज्याकडं बगून लोकं काय म्हनतील?"

हा खरा मुद्दा होता! मी नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत सांगितलं, "आक्का, मी आता केस रंगवणार नाही."

आक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू दाराच्या चौकटीनेच त्यांना उलट उत्तर दिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "मग मी बी तुज्याशी बोलनार न्हाई."

आणि खरंच बोलल्या नाहीत! हळदीचं वाटण चाललं होतं तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसले होते, तर त्या सुनेला सांगत, "तिला म्हनावं, ते ताट सरकव." ती म्हणजे मी! हातभर अंतरावर! बाळांनो, मला पांढऱ्या केसांचा आनंद होता, पण त्या अबोल्यापायी रात्री झोप लागत नव्हती. एकदा तर मी आजोबांना म्हटलंही, "जाऊ द्या, लावते कलप." ते म्हणाले, "लाव. मग लग्नाच्या फोटोत तुझे केस काळे दिसतील आणि डोळे दिसणार नाहीत." मी तशीच लग्नाला गेले.

मंगल कार्यालयात पहिल्या रांगेत आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. आक्का हिरव्या साडीत, केस असे काळे की त्यात गजरा चंद्रासारखा दिसत होता. मी पांढरं डोकं घेऊन. मधे अबोला.

आता आजेचीर म्हणजे काय ते सांगते, कारण सगळी गडबड त्याचीच आहे. लग्नात मुलाकडचे लोक नवरीच्या आजीला एक मानाची साडी देतात, ती आजेचीराची साडी. कोमलची आईकडची आजी तिच्या जन्माआधीच गेली, त्यामुळे मान आक्कांचा. नातीच्या जन्मापासून त्या या साडीची वाट पाहत होत्या.

माईकवर एक निवेदक होता. त्याला दोन शब्दांत काही सांगताच येत नव्हतं. "आणि आता, मंडळी, जिच्या मायेच्या पदराखाली वधू लहानाची मोठी झाली, त्या वधूच्या आजींचा सन्मान!" त्याबरोबर नवऱ्या मुलाची आत्या हातात तबक घेऊन व्यासपीठावरून खाली उतरली. डाळिंबी रंगाची काठाची नऊवारी होती. आत्याने पहिल्या रांगेवरून नजर फिरवली. काळं डोकं, पांढरं डोकं. तिला विचार करायची गरजच पडली नाही. ती सरळ माझ्यासमोर आली, मला कुंकू लावलं, नारळ आणि साडीने माझी ओटी भरली आणि वाकून पाया पडली. "आजी, आशीर्वाद द्या."

बाळांनो, मी त्याच क्षणी नाही म्हणायला हवं होतं. पण इतके महिने लोक माझ्या केसांकडे पाहून हळहळत होते. ही पहिली बाई, जिने त्या केसांना नमस्कार केला! माझा उजवा हात आपोआप उठला आणि तिच्या डोक्यावर गेला. आणि तोंडातून शब्द निघाले ते काय? "थँक यू!"

शेजारची खुर्ची करकरली.

"आवो बाई," आक्का उभ्या राहिल्या, "नवरीची आजी मी हाय!"

आत्या हसली. "ताई, चेष्टा करू नका. तुमी तर नवरीच्या मावशी ना?"

त्या एका वाक्यात आक्कांना जन्मातलं सर्वांत मोठं कौतुक आणि जन्मातला सर्वांत मोठा अपमान एकदम मिळाला. त्यांचा चेहरा उजळला, मग काळवंडला, मग पुन्हा थोडा उजळला. शेवटी अपमान जिंकला.

मी घाईघाईने उठले. "अहो, याच खऱ्या आजी! मी चुलत आजी आहे. साडी यांची आहे."

"राहू द्या आजी," आत्या गहिवरून म्हणाली. "तुमचा मोठेपना हाय."

"पाहा मंडळी!" माईक गरजला. "वधूच्या आजींच्या मनाचा मोठेपणा! जोरदार टाळ्या!"

टाळ्या झाल्या. आता तुमचे आजोबा मदतीला धावले. "अहो थांबा, ही माझी बायको आहे!" त्यावर निवेदक म्हणाला, "आणि हे आले वधूचे आजोबा!" चार माणसांनी त्यांना धरलं, खुर्चीवर बसवलं आणि डोक्याला गुलाबी फेटा बांधला. (वधूचे खरे आजोबा तेव्हा मागे आचाऱ्यापाशी आमटी चाखत होते.) फेटा चढताच आजोबांनी एकदा मोबाईलच्या काचेत पाहिलं आणि मग खुलासा करायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

आक्का पुन्हा खुर्चीत बसल्या. पाय वर घेऊन, मांडी घालून! "माजा मान मला मिळत न्हाई तवर अक्षता पडायच्या न्हाईत."

विलास धावत आला. "आई, असं काय करतीस? भटजी घड्याळ बघत्यात!"

"बगू दे. घड्याळच हाय, पळून जात न्हाई."

मी साडी पुढे केली, तर आत्या म्हणाली, "ओटीत घातल्याली वस्तू माघारी घेत नसत्यात. आमी ह्यांना दुसरी देतो."

"उरल्यासुरल्यातली?" आक्का कडाडल्या.

आत्या बिचारी गांगरली. "तसं न्हाई हो. पन ताई, खरं सांगा, तुमचं वय तरी आजी व्हायचं हाय का?"

सगळा मांडव गप्प झाला. निवेदकसुद्धा! आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, व्यासपीठावरच्या कोमलकडे पाहिलं. कोमलच्या डोळ्यांतलं काजळ आता गालावर उतरायच्या बेतात होतं. मग आक्का उठल्या, निवेदकाच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाल्या,

"मी अठ्ठ्याहत्तर वर्सांची हाय!"

मागून आवाज आला, "अगं बया! जत्रंला तर पासष्ट म्हनली हुती!"

"ते खोटं हुतं!" आक्का माईकवरूनच म्हणाल्या. मग त्यांनी पदर मागे सारला, मान वाकवली आणि भर मांडवात भांग दाखवला. "हे बगा! बोटभर पांढरं उगवलंय! कलप लावते म्या! आता तरी हाय का न्हाई मी माज्या नातीची आजी?"

आधी कोमल हसली. मग सगळा मांडव हसला, आणि मग जे टाळ्यांचं वादळ झालं ते निवेदकाने न सांगता झालं. आत्या दोन्ही हात जोडून उभी राहिली. साडी माघारी घेता येत नव्हती; पण मला मिळालेली वस्तू मी कुणालाही देऊ शकत होते ना? मी ती नऊवारी आणि तो नारळ आक्कांच्या ओटीत घातला आणि वाकून त्यांच्या पाया पडले.

"ऊठ," आक्का हळूच म्हणाल्या. "लावलंस न्हवं मला बोलायला?" आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. इतका आनंद मला निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता. अक्षता पडल्या तेव्हा आम्ही दोघी एकाच मुठीतले तांदूळ वाटून घेत होतो.

लग्नानंतर आक्कांनीही कलप सोडला. "साऱ्या गावाला कळलंच हाय, आता कशापायी डोकं खाजवून घ्यायचं?" त्या म्हणाल्या. देवाची करणी बघा, त्यांचे केस असे उगवले की काय सांगू! दाट, शुभ्र, शेवरीच्या कापसासारखे. चेहऱ्यावर एक तेज आलंय. माझे मात्र विरळ, आणि कानांपाशी जरा पिवळट. तरी रोज सकाळी आम्ही दोघी उन्हात बसून एकमेकींची वेणी घालतो, आणि दर वेळी मला वाटतं की कलपाच्या नादात मी हे सुख किती वर्षं हुकवलं!

परवा आम्ही दोघी एका बारशाला गेलो होतो. घरातली नवी सून नमस्काराला आली. आधी आक्कांच्या पाया पडली, मग माझ्याकडे वळून तिने आक्कांना अदबीने विचारलं, "ह्या तुमच्या सासूबाई का?"

मी आक्कांपेक्षा चांगली आठ वर्षांनी लहान! मी तोंड उघडणार, तेवढ्यात आक्का डोळ्याची पापणीही न हलवता म्हणाल्या, "व्हय. लई कडक हायेत. नीट वाकून पड पाया."

मी त्या मुलीला भरघोस आशीर्वाद दिला. घरी आल्यावर सासूच्या थाटात खुर्चीवर बसले आणि आक्कांना म्हटलं, "सूनबाई, चहा टाका." त्या जागच्या हलल्या नाहीत. चहा मीच केला.