आधी वाच, मग रड

आपांच्या हातात कागद दिला की त्या आधी तो वाचायच्या. पूर्ण. मागे रांग लागो, एसटी सुटायला येवो. "आपा, झेरॉक्स काढायचीय, वाचायला नाय दिलाय," असं एखादी म्हणालीच, तर चष्म्यावरून बघत विचारायच्या, "तू वाचलास? नाय ना? मग कोणीतरी वाचायला नको?" आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर त्यांचं झेरॉक्सचं दुकान. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. हिंदू असो, मुसलमान असो, सगळ्या पोरींच्या त्या आपाच.

कॉलेजचे अर्ज भरायला आलेल्या पोरी हमखास रडायच्या. शेवटची तारीख उद्याची आणि उत्पन्नाचा दाखला घरी विसरलेला! आपांचं ठरलेलं वाक्य असायचं, "फॉर्म आधी वाच, मग रड." आणि खरंच सांगते, वाचून झाल्यावर निम्म्या जणींना रडायचं कारणच उरायचं नाही.

एका खोडीचा मात्र मला राग यायचा. प्रत्येकीच्या कागदांची एक जादा प्रत काढून त्या कपाटात ठेवायच्या, गावागावाचे गठ्ठे करून. "आमचे कागद तुम्हाला कशाला हो?" मी एकदा फटकन विचारलं.

"तुमच्या घरांवर माझा भरवसा नाय," त्या म्हणाल्या. मला असा राग आला म्हणता!

आमच्याकडे कागदांची पेटी माळ्यावर असते. खाडीचं पाणी घरात शिरतं, म्हणून बापजाद्यांपासूनची रीत. पण एका वर्षी चक्रीवादळ आलं, त्यात पाणी खालून आलंच नाही. वाऱ्याने वरचं छप्परच नेलं. पेटी वाडीत सापडली, उघडी. माझ्या गुणपत्रिकेचा लगदा झाला होता.

त्याच वर्षी मला नर्सिंगचा अर्ज भरायचा होता. तो हुकला तर अलिबागला एका बंगल्यावर कामाला जायचं, हे बाबांनी ठरवून टाकलं होतं. त्यांना तरी काय बोलणार? वाडीतली सुपारीची झाडं सगळी आडवी झाली होती.

मी रडतच आपांकडे गेले. वीज नव्हती, मशीन बंद. त्यांनी कपाट उघडून आमच्या गावाचा गठ्ठा काढला आणि माझ्या गुणपत्रिकेची प्रत हातात ठेवली.

"ह्यावर सीट नंबर हाय. शाळेत जा, दुसरी मागव. आजच."

"आपा, दुवा करा माझ्यासाठी."

"करते गो. पण अल्लाला सीट नंबर लागत नाय, बोर्डाला लागतो. पळ!"

मला प्रवेश मिळाला. पुढे नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन गेले, तर म्हणतात कशा, "पेढे ठेव तिथे. ऑर्डर दे आधी." वाचली, एक प्रत काढली आणि कपाटात ठेवली.

दोन वर्षांपूर्वी आपा आमच्याच हॉस्पिटलात आल्या. हृदयाचं ऑपरेशन होतं. संमतीचा फॉर्म घेऊन मीच गेले. चष्मा काढून घेतलेला, म्हणून म्हणाल्या, "तू वाच. पूर्ण."

मी वाचत गेले. जिवाला धोका असल्याची ओळ आली, ती गाळावीशी वाटली. तरी वाचली. आपांनी सही केली.

"संपला?"

"संपला."

त्यांनी माझा हात धरला. "मग रड आता."

ऑपरेशननंतर त्या दोनच दिवस जगल्या. कपाट आता माझ्या घरी आहे. माळ्यावर नाही.