डाव्या दाराची पट्टी

वडील गेले त्या वर्षी भाद्रपदात मी त्यांच्या मोटारीच्या दारांवरच्या पट्ट्या काढायला घेतल्या. नागपूर तेव्हा आमच्या प्रांताची राजधानी होतं आणि मी वर्ध्याच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. वडील डॉक्टर. लढाईच्या आधीची ती काळी मोटार घेऊन ते केळझरपासून जामपर्यंत रोगी पाहत हिंडले. चैत्रात ते गेले. त्यांचे कोट, त्यांची पुस्तकं, औषधांची पेटी यांना हात लावण्याचं धैर्य मला होत नव्हतं. मोटारीला हात लावता आला, कारण ती चालवण्यापलीकडे तिच्यातलं मला काहीच कळत नव्हतं.

डाव्या दारावरच्या चकचकीत पट्टीखालून तांबडे ओघळ दिसू लागले होते. जिनिंगच्या कारखान्यात आयुष्य काढलेले एक म्हातारे मिस्त्री सिंदी मेघेत राहत. वडिलांचे जुने रोगी. ते घरी आले आणि त्यांनी नखानं रंग खरवडून पाहिला.

“मास्तर, वरून रंग लावून काई फायदा नाई. पट्टी काढा लागते. आत काय हाय ते पाह्यल्याबिगर दवा कोन्ती देता?”

“मीच काढतो. तुम्ही फक्त सांगा.”

“पोट्ट्याइचे कान धरनं वेगळं बरं, मास्तर.”

तरी त्यांनी मला बांबूची एक पातळ चीप दिली. तिला फडकं गुंडाळलेलं होतं. पेचकसानं उचकलं तर रंग जातो आणि पट्टीला बाक येतो. पट्टीच्या मागे स्प्रिंगचे चाप होते, दाराच्या पत्र्यातल्या भोकांत अडकवलेले. एकेका चापाशी चीप सरकवायची, हळू दाबायचं, टक् आवाज आला की पुढे जायचं. आई ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती.

शेवटचा चाप सुटला आणि पट्टी हातात आली. तिच्याबरोबर वाळक्या झेंडूच्या पाकळ्या, आपट्याच्या पानांचा भुगा आणि काळी पडलेली कुंकवाची ढेकळं खाली पडली. पट्टी होती तिथे पत्र्याला बोट जाईल एवढं भोक होतं. त्याच्या कडा हात लावताच तुटत होत्या.

दसऱ्याला आमच्या मोटारीची पूजा आई करी, आणि ती डाव्या दाराशी करी, कारण ती नेहमी डावीकडे बसे. हळदकुंकू लावायची, वरून पाणी शिंपडायची, नारळाचं पाणी ओतायची. फुलं खोचायला दुसरी जागा नव्हती म्हणून झेंडू आणि आपटा त्या पट्टीच्या मागे खोचायची. सगळी ओल तिथेच मुरत राही.

“आई, बघ,” मी म्हणालो. “तुझ्या पूजेनं दार खाल्लं.”

मी रागावलो नव्हतो. वहीतली चूक दाखवावी तशा आवाजात बोललो. आई सूप बाजूला ठेवून आली. तिनं भोकाकडे पाहिलं, खाली पडलेल्या पाकळ्यांकडे पाहिलं.

“म्या?” एवढंच म्हणाली, आणि आत गेली.

मिस्त्रींनी माझ्या हातातली फडकं गुंडाळलेली चीप घेतली. मग म्हणाले, “मास्तर, तोंडालेबी फडकं गुंडाळत जा.”

त्या दिवसापासून आई मोटारीच्या जवळून जाईना. विहिरीवर जायची तरी अंगणाला वळसा घालून जाई. वडील गेल्यानंतर ती कमी बोलत होतीच. आता त्या न बोलण्यातलं वडिलांचं किती आणि माझं किती, ते मला कळेना.

पुढच्या रविवारी मिस्त्रींनी रॉकेलनं दार पुसलं आणि मला हाक मारली. चापांच्या भोकांच्या कडांना एक जुना, पांढरा, घट्ट झालेला थर होता. वास घेतला. दवाखान्यातलं मलम. प्रत्येक चापाखाली रबराची एक छोटी चकती होती, कात्रीनं गोल कापलेली.

“हे कारखान्यातलं काम नाई,” ते म्हणाले. मग त्यांनी उजव्या दाराची पट्टी काढली. तिथे मलम नव्हतं, चकत्या नव्हत्या, चाप मूळ रंगात चिकटून बसले होते. “हे कंदीच खुलली नाई. डावी मातर दरसाल खुलली हाय. चिपेचे वळ पाहा, एकावर एक.”

मला आठवलं. दसरा झाला की पुढच्या एखाद्या दुपारी वडील एकटेच मोटार पुसत बसत. जवळ गेलेलं त्यांना चालत नसे. म्हणजे तेव्हा आईनं खोचलेली फुलं ते काढत, पत्रा कोरडा करत, मलम लावत आणि पट्टी पुन्हा जशीच्या तशी बसवत. शेवटचे दोन दसरे ते अंथरुणावर होते. ती फुलं कोणी काढली नाहीत.

“डाक्टरीनबाईनं नाई खाल्लं दार,” मिस्त्री म्हणाले. “साहेबाच्या दुखन्यानं खाल्लं. सांगा त्याइले.”

मी सांगितलं नाही. गंज खरवडला, मिस्त्रींनी भोकावर पत्र्याचं ठिगळ झाळलं. जवसाच्या तेलात शेंदूर कालवून आम्ही दोन हात दिले. “देवाले लावतेत तोच,” ते म्हणाले, “लोखंडालेबी मानवते.” त्यावर काळा रंग, भोकांत ग्रीस, धुतलेल्या जुन्या चकत्या, आणि मग पट्टी. दिवाळीपर्यंत हात लावू नका, असं त्यांनी बजावलं. या सगळ्या दिवसांत मी आईशी बोलायचं वाक्य जुळवत होतो आणि ते जुळत नव्हतं. तिच्यावरचा दोष काढायचा तर हेही सांगावं लागणार होतं की तिची पूजा वडील दरवर्षी तिच्यामागे काढून टाकत होते.

दसरा आला. वडिलांना वर्ष झालं नव्हतं, म्हणून घरी सण नव्हता. शेजारी सायकली धुतल्या गेल्या, बैलगाड्यांना तोरणं लागली. आई चुलीपुढे बसून होती. मी दारात उभा राहून सगळं सांगून टाकलं.

“दरसाल?” तिनं विचारलं.

“हो.”

“अन् मले सांगतलं नाई.”

“तुला वाईट वाटेल म्हणून असेल.”

“तूनं त सांगतलं.”

ती उठली. “चाल. खोलून दाखव.”

“मिस्त्रींनी दिवाळीपर्यंत...”

“खोल.”

मी खोललं. भोकांच्या कडांचा शेंदूर अजून पुरता सुकला नव्हता, बोटं लाल झाली. आईनं एक चकती तळहातावर घेतली, उलटून पाहिली.

“हे त माह्या शेकायच्या पिशवीचं रबर हाय. दोन वर्सं धुंडली म्या ते पिशवी. मले म्हनत, उंदरानं नेली असंन.” तिचा आवाज चढला होता. “उंदरानं! बाप्पा, काय मानूस!”

मग तिनं तोंडाला पदर लावला आणि मोटारीला टेकून ती रडली. चैत्रात माणसांच्या गर्दीत ती अशी रडली नव्हती. मी पट्टी हातात घेऊन उभा होतो. मला म्हणायचं होतं की माझं चुकलं. मी म्हणालोही असेन, पण मोठ्यानं म्हणालो की नाही, हे आज ती नसताना मला खात्रीनं सांगता येत नाही.

“बसव आता,” ती म्हणाली.

मी एकेक चाप बसवत गेलो. ती शेजारी उभी राहून पाहत होती.

“पुढच्या साली तुही बायको आली असंन,” ती म्हणाली. “पूजा तीच करन. तिले सांगजो, फुलं आत नोको खोचू.” मग तिनं पट्टीवरून पदराचं टोक फिरवलं. “नाई त नोको सांगू. तूच खोलत जाजो.”