सहीआधी वाचलेली ओळ

नगरच्या ज्या कारखान्यात मी फिटर होतो, तिथं ऑइल इंजिनं बनायची. दुष्काळ पडला, नवी इंजिनं खपेनात, आणि एका शनिवारी आम्हा नऊ जणांना ऑफिसात बोलावलं. मॅनेजरसाहेबांनी एकेक टाईप केलेला कागद हातात दिला. काम नाही म्हणून कमी करतोय, भरपाई एकरकमी मिळेल, सोमवारी सही करून आणा, म्हणाले.

बाकीच्यांची तोंडं उतरली. मला मात्र आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दोन वर्षं माझ्या डोक्यात घोडेगावात इंजिन दुरुस्तीचं दुकान टाकायचं घोळत होतं. तिथल्या जनावरांच्या बाजाराला गावोगावची माणसं येत, आणि विहिरीच्या तळाचं पाणी उपसून त्यांची जुनी इंजिनं पार खिळखिळी झाली होती. नोकरी सोडायचं धाडस तेवढं होत नव्हतं. सायकलवरून घरी पोचेपर्यंत दुकानाची पाटीसुद्धा मी मनात रंगवून टाकली.

बायको सातवी शिकलेली, माझ्यापेक्षा तीन यत्ता जास्त. तिनं दारात उजेडाला बसून कागद दोनदा वाचला.

"तुमी सोडली व्हय नोकरी?"

"न्हाई. त्यांनीच काढलं."

"मग हितं 'स्वखुशीने राजीनामा देत आहे' कसं लिवलंय?"

मी म्हटलं, आपल्याला कुठं परत जायचंय? त्यावर ती म्हणाली, जायचं की नाही ते आपण ठरवू, पण कारखाना पुन्हा जोरात चालला तर आधी काढलेल्या जुन्यांना बोलवायला लागतं, तो हक्क आत्ताच का सोडायचा? मग तिनं दुकानाला काय काय लागेल ते विचारलं. सांगता सांगता मला कारखान्याच्या शेडमागं गंजत पडलेलं, हातानं फिरवायचं ड्रिल मशीन आठवलं. रविवारभर आम्ही दोघं त्याच गोष्टी बोलत बसलो. जेवणाकडंही लक्ष नव्हतं.

सोमवारी साहेबांपुढं उभा राहिलो. ती ओळ काढा, म्हणालो. ती सगळ्यांच्याच कागदात आहे, असं ते म्हणाले.

"मग सगळ्यांच्याच बदला, साहेब. आम्ही कुणी राजीनामा दिलेला नाही."

माझ्यामागं उभ्या आठांपैकी कुणीही सहीला पुढं झालं नाही. साहेबांनी टायपिस्टला हाक मारली. नऊ कागद नव्यानं टाईप झाले. भीड चेपली होती, म्हणून ड्रिल मशीनही मागितलं. भंगारातच जायचं होतं, घेऊन जा, म्हणाले, आणि तसं माझ्या कागदावर स्वतः लिहून दिलं. तेव्हा कुठं मी सही केली.

पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी ते धूड आम्ही एसटीच्या टपावर चढवलं. कंडक्टर कुरकुरला. बायकोनं त्याला सरळ सांगितलं, "दुकान हाय आमचं, घोडेगावात." तोवर आम्ही जागासुद्धा बघितली नव्हती.