ओदीलची हाक

जमिनीवरच्या घरात राहायला आली त्याच्या तिसऱ्या दिवशी ओदीलने भांड्यांचं खरकटं पाणी खिडकीतून भिरकावलं, ते थेट पोस्टमनच्या अंगावर. बिचारा पत्रं झटकत उभा राहिला. तिने माफी मागितली, आत बोलावून कॉफी पाजली, पण मनातून तिला त्याचाच राग आला होता. अडुसष्ट वर्षं तिच्या खिडकीखाली पाणी होतं. तिथं माणूस येऊन उभा राहील हे तिला कसं सुचावं?

तिचा जन्म मालबोटीवरचा, कालवा गोठून आईबापाची बोट तीन आठवडे अडकली होती तेव्हाचा. चालायला लागली तशी आईने तिच्या कमरेला दोर बांधून तो डेकवरच्या कडीला अडकवला. त्या दोराच्या लांबीएवढं तिचं बालपण. मग गास्तोंशी लग्न झालं. तोही बोटीवरचाच, त्यामुळे ओदीलने एका कालव्यातून उठून दुसऱ्या कालव्यात संसार मांडला एवढंच. गास्तोंच्या बोटीला त्याच्या आईचं नाव होतं, सोलांज. "चाळीस वर्षं सासूच्या पोटात संसार केलाय मी," असं ती कुणालाही ऐकवायची, आणि सासू हयात असताना जरा मोठ्यानेच ऐकवायची.

फ्रान्समधल्या बर्गंडीच्या कालव्यात बोट डोंगर चढते ती लॉकच्या पायऱ्यांनी. खालच्या दारातून आत शिरायचं, मागे दार लागतं, पाणी भरतं, बोट हळूहळू वर येते, की वरचं दार उघडतं. सोलांज होती अडतीस मीटर लांब आणि लॉकच्या भिंतींशी दोन्ही बाजूंना उरायची मुठीएवढी जागा. सुकाणू ओदीलकडे असायचं. दोर घेऊन काठावर उडी मारायचं आणि तो खुंट्याला गुंडाळून बोट धरून ठेवायचं काम गास्तोंचं. वरचं दार पूर्ण उघडलं की ती सुकाणूवरून हाक द्यायची, "सोड." मग तो दोर सोडायचा आणि बोटीची शेपटी पुढून जाताना तिच्यावर पाय टाकायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने एकदा लॉकवाल्याचं ऐकून आधीच दोर सोडला, बोट मागे सरकली आणि सुकाणूचं पातं मागच्या दारावर आपटून वाकलं. ओदील आठ दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. तेव्हापासून तिची हाक आल्याशिवाय गास्तोंने कधी दोर सोडला नाही, मग लॉकवाला कितीही बोंबलो.

तीन वर्षांपूर्वी गास्तोंची नजर गेली. धूसर उजेड तेवढा दिसायचा. सोलांज एका दातांच्या डॉक्टरला विकली आणि मुलीने लॉकशेजारचं हे घर शोधून दिलं. मुलीला वाटलं, आईला पाणी तरी दिसत राहील. पाणी दिसायचं, पण घर काही हलायचं नाही, आणि ओदीलला झोप लागायची नाही. येणारी प्रत्येक बोट ती पडद्याआडून बघायची. सोलांजवर एकदा, फक्त एकदा, परत उभं राहायचं आणि तिला एका लॉकमधून काढायचं, एवढंच तिला हवं होतं. ते तिने नवऱ्याला कधी सांगितलं नाही. त्याच्या डोळ्यांपायी आपण जमिनीवर आलो असं त्याला वाटू नये म्हणून.

मे महिन्यातल्या एका सकाळी लॉकवाली इवेत कुंपणाशी आली. खालच्या लॉकवरून फोन आला होता. बोट निघाली की पुढच्या लॉकला कळवायचं, ही तिथली रीतच.

"सोलांज येतेय," ती म्हणाली. "डॉक्टर बोट कायमची दक्षिणेला नेतोय. आणि खाली दोनदा भिंतीला घासून आलाय म्हणे."

ओदीलने वाटाणे सोलायचे ठेवले. आपण बघायलासुद्धा जाणार नाही असं तिने जाहीर केलं आणि चपला शोधायला लागली. गास्तों दारात उभा होताच. म्हणाला, "मला ने. इंजिन ऐकायचंय."

बोट आली ती आडवी होऊनच. पोटात माल नाही, त्यामुळे ती पाण्यावर उंच तरंगत होती आणि वारा तिला ढकलत होता. डॉक्टर घामाघूम झाला होता. लॉकच्या तोंडाशी त्याने इंजिनाला जोर दिला, पुढचा भाग भिंतीवर घासला, आणि ते ऐकून ओदीलच्या दाढेत कळ आली. तिला राहवेना. खालच्या दाराजवळच्या पायऱ्यांवरून ती बोटीवर उतरली, थेट सुकाणूपाशी गेली आणि म्हणाली, "डॉक्टर, मी दातांना हात लावत नाही. तुम्ही सुकाणूला लावू नका."

डॉक्टर हसला आणि खुशाल बाजूला झाला. सुटलो असंच त्याला वाटलं असावं.

तिने इंजिन अगदी मंद केलं. बोट आत शिरते तेव्हा आतल्या पाण्याला बाहेर यायला वेळ द्यावा लागतो, घाई केली की ते बोटीला अडवतं. ती थांबली, पाणी बाजूला होऊ दिलं, पुन्हा जराशी सरकली. सुकाणूच्या चाकाची मूठ तिच्या तळव्याला ओळखीची होती. सोलांज कुठेही न टेकता आत गेली. वर काठावर डॉक्टरची बायको दोराशी झटापट करत होती. गास्तोंने आवाजावरून हात पुढे केला, दोर घेतला आणि न चाचपडता खुंट्याला गुंडाळला.

पाणी भरू लागलं. बोट वर यायला लागली तशी ओदीलला आपलं घर दिसलं, खिडकी दिसली, आणि तिच्या छातीत आनंद मावेना. डॉक्टर म्हणाला, "मादाम, पुढची बारा लॉकं तुम्हीच काढा. दोघंही चला. संध्याकाळी मी गाडीने आणून सोडतो."

ती हो म्हणणारच होती. तेवढ्यात वरचं दार उघडलं आणि तिने काठाकडे पाहिलं. गास्तों हातात दोर घेऊन, मान वळवून तिच्या हाकेची वाट बघत होता. एक पाय त्याने काठाच्या अगदी कडेला आणून ठेवला होता. दोर सोडून, न दिसणाऱ्या शेपटीवर पाय टाकायच्या तयारीत. पुढच्या बाराही लॉकांवर तो हेच करणार होता.

"गास्तों, पाय मागे घे," ती म्हणाली.

"का? चढायचं नाही?"

तिने चाक डॉक्टरच्या हातात दिलं. घाई करू नका, पाण्याला वेळ द्या, एवढं त्याला दोनदा बजावलं आणि काठावर उतरून नवऱ्याशेजारी उभी राहिली. त्याचा दंड धरून त्याला कडेपासून मागे घेतलं.

डॉक्टर ओरडला, "सोडा." गास्तों हलला नाही. इवेतनेही सांगून पाहिलं. तो तसाच दोर ताणून उभा.

ओदीलला रडू फुटत होतं. सोलांजच्या खिडक्यांना तिने विणलेले पडदे अजून तसेच होते. ते तिने शेवटपर्यंत नीट बघून घेतले.

"सोड," ती म्हणाली.

गास्तोंने दोर सोडला.