स्विचपाशी उभा राहणारा माणूस

नरडाण्याजवळच्या खडी क्रशरवर मी पहिला जबडा चालवतो. डंपर खाणीतले धोंडे ओततो, ते दोन लोखंडी पाट्यांच्या मध्ये पडतात. एक पाटी जागची हलत नाही, दुसरी सारखी पुढं-मागं होते. अडकित्त्यात सुपारी धरावी तसा धोंडा धरला जातो, फुटत फुटत खाली सरकतो आणि पट्ट्यावर पडतो. आवाज एवढा, की शेजारी माणूस असला तरी बोलणं व्हायचं नाही. आणि आता माणूसच नाही.

पूर्वी नाना होते. धोंडा आडवा अडकला की मशीन बंद करायचं, मोठं चाक पुरतं थांबू द्यायचं आणि एकानं साखळी घेऊन जबड्यात उतरायचं. दुसऱ्यानं मेन स्विचपाशी उभं राहायचं, कुणाला हात लावू द्यायचा नाही. चहा आला तरी हलायचं नाही, शेठ आला तरी नाही. मी उतरायचो, नाना उभे राहायचे. मग मुलानं त्यांना सुरतेला नेलं. शेठ म्हणाला, "कॅमेरा लावलाय की! दुसरा माणूस कशाला?" वा रे शेठ! कॅमेरा काय कुणाचा हात धरणार आहे?

परवा भरदुपारी एक धोंडा असा बसला की जबडा नुसता थरथरत राहिला. मशीन बंद केलं, फ्यूज काढून खिशात टाकले. डंपरवाला जेवायला गेलेला, शेठचे फोनवर फोन. साखळी घेऊन काठावर गेलो, पण पाय उचलेना. खोटं कशाला बोलू, भ्यालो. आत काही झालं तर कुणाला पत्ताही लागणार नाही, एवढंच डोक्यात.

शेवटी नानांना फोन लावला. म्हटलं, "काही करू नका, नुसतं बोलत राहा." फोनचा आवाज मोठा केला, स्विचच्या पेटीवर ठेवला आणि उतरलो.

"मी शे रे, मी शे," म्हणजे मी आहे, असं नाना आमच्या बोलीत म्हणाले आणि सुरूच झाले. चौथ्या मजल्यावर राहतात. मुलगा-सून कामाला जातात, नातू मोबाईलमधून मान वर काढत नाही, शेजारी दार उघडत नाहीत. मधेच ओरडायचे, "पाय संभाय रे भाऊ!" मी साखळी अडकवली, वर आलो, धोंडा ओढून काढला.

"निंघना का?" धोंडा निघाला का, नानांनी विचारलं.

"निंघना, नाना. ठेवू फोन?"

नाना म्हणाले, "उद्या बी अडकू दे रे एखादा."